वाटाड्याची झोप

डायलिसिस सेंटरच्या पेशंटना घरून आणणारी आणि घरी सोडणारी जी गाडी होती, तिच्यावरच्या ड्रायव्हरला सगळे वाटाड्या म्हणत. हे नाव कुणी चिडवायला ठेवलेलं नव्हतं. सत्तावीस वर्षं त्याने याच शहरात स्टिअरिंग धरलं होतं. आधी ब्रेडची गाडी, मग शाळेची, आणि गेली सहा वर्षं ही पेशंटची. "या शहरात मला ओळख न दाखवणारा एक बोळ दाखवा," असं तो म्हणायचा. म्हणणं खरंच होतं, पण खरं असलं तरी दिवसातून किती वेळा म्हणावं याला काही सुमार असतो.

त्याची रस्ता लक्षात ठेवायची रीत निराळी होती. रस्त्याचं नाव, घराचा नंबर असल्या गोष्टी त्याने कधी डोक्यात शिरू दिल्या नाहीत. त्याला खुणा लागत. चष्म्याच्या दुकानावरून उजवीकडे, जिथे कायम ओलं असतं त्या भिंतीपाशी डावीकडे, असं त्याचं शहर होतं. सेंटरच्या टेबलावरून पत्त्याची चिठ्ठी मिळायची, ती तो पहिल्या दिवशी एकदा बघायचा आणि फेकून द्यायचा.

त्याच्या अठ्ठावन्नाव्या वाढदिवसाला लेकीने नकाशाचा फोन आणला. रस्ता बोलून दाखवणारा, पुढे गर्दी असेल तर आधीच सांगणारा. वाटाड्याने तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाला, "आता या बाईला विचारून मी गाडी चालवू?" लेक हिरमुसली. फोन काचेवरचं प्लास्टिकसुद्धा न काढता कपाटात गेला आणि याच्या खिशात जुना बटणांचाच राहिला. दुसऱ्या गाडीवरचा ड्रायव्हर तसलाच फोन वापरायचा, त्याची तर तो रोज हजेरी घ्यायचा. "याच्या गाडीत फोनमधली बाई बोलते, घरी बायको बोलते. बिचाऱ्याची पाळी कधी येणार?"

नाकाने कांदे सोलणाऱ्या प्रत्येक माणसाची एक दुखरी जागा असते. याची जागा म्हणजे झोप. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा ही म्हण याच्यावरून पडली असावी असं बायको म्हणे. घराच्या पत्र्यावर माणसं हातोडे मारत होती आणि हा खाली ढाराढूर झोपला होता, ही गोष्ट ती येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगायची. हाही हसायचा. घरात हसण्यावारी नेलं की कुठलाही दोष गुणासारखा दिसतो.

दुपारी साडेबारा ते अडीच गाडीला काम नसे. त्या वेळात ड्रायव्हरांनी फोनच्या टेबलाशेजारच्या खोलीत बसायचं, असा नियम होता. तिथे बाकडं होतं, पंखा होता आणि हाक मारली की ऐकू येत होतं. वाटाड्याला नेमकं तेच नको होतं. इमारतीखाली तळघरात गाड्या लावायची जागा होती. तिच्या अगदी शेवटच्या कोपऱ्यात, जाड खांबामागे, थंडावा असे आणि फोनला रेंज नसे. शहरातले कोपरे शोधणाऱ्याने हाही शोधून काढला होता. मागच्या लांब सीटवर बूट काढून आडवं व्हायचं आणि दोन तास जगाला आपला पत्ता लागू द्यायचा नाही. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. रेंज नसते म्हणूनच तो तिथे जातो, हे स्वतःशीसुद्धा कधी नीट कबूल केलं नव्हतं.

वादळाच्या दिवशी सकाळीच सेंटरच्या मुख्य सिस्टरनी त्याला गाठून सांगितलं होतं, "काका, दुपारी जोराचं वादळ सांगितलंय. आज कुठे जाऊ नका. कधीही निघावं लागेल."

"मी कुठे जाणार?" वाटाड्या म्हणाला. साडेबाराला तो पाच मिनिटं पाठ टेकायला म्हणून खाली गेला.

पुढचं सगळं त्याला नंतर कळलं. पाऊणला निरोप आला की वादळ दोनला धडकणार, तेव्हा तीनच्या पाळीचे पेशंट आत्ताच आणून मशीनवर घ्या. दुसरी गाडी लगेच सुटली आणि आपले दोन पेशंट घेऊन आली. तिसरा पेशंट वाटाड्याचा होता. शिवणबाई. मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवण शिकवून निवृत्त झालेल्या, घरात एकट्या, आठवड्यातून तीन वेळा मशीनवर येणाऱ्या. टेबलावर एक नवी मुलगी होती, तीन महिन्यांच्या कच्च्या नोकरीवर घेतलेली. तिने शिवणबाईंना तयार राहायला कळवलं आणि वाटाड्याला पाऊण ते दोनमध्ये नऊ वेळा फोन लावला. मग वीज गेली, समोरच्या सायकल स्टँडचा पत्रा उडून दारावर आदळला, गेटवरचा वॉचमन आत पळून येऊन काचेचं दार पाठीने धरून उभा राहिला आणि कोण कुठे आहे हे विचारायच्या स्थितीत कुणी उरलं नाही.

शहरावरून एवढं गेलं आणि वाटाड्या खाली घोरत होता. त्याला शेवटी उठवलं ते वादळाने नाही, झोपण्याआधी प्यायलेल्या दोन तांबे पाण्याने. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्याने धडपडत गाडी वर काढली आणि समोर बघून त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. रस्ता पानांनी आणि काचांनी भरला होता. विजेचा एक खांब गुडघे टेकल्यासारखा वाकला होता. आपण काय झोपून काढलं हे त्याला त्या क्षणी कळलं. आत जाऊन सांगावं, की आधी शिवणबाईंना आणावं? वॉचमन गेटवर नव्हता. कुणी पाहिलं नाही म्हणताच त्याचं मन निम्मं ठरलं. तो तसाच बाहेर पडला.

एरवी वीस मिनिटांचा रस्ता. गादीच्या दुकानाची मोठी पाटी, तिथून आत, मग वाकडं झाड, मग न्हाव्याची निळी पाटी, आणि तिसरा जिना. गादीच्या दुकानाची पाटी शोधण्यातच त्याची दहा मिनिटं गेली, कारण ती आता पुढच्या चौकात एका रिक्षावर पडली होती. त्याने अंदाजाने गाडी आत घातली. पुढे वाकडं झाड हवं होतं. आता सगळीच झाडं वाकडी होती. निळी पाटी कुठेच नव्हती. एका गल्लीतून तो मागे वळला, दुसरीत आडव्या फांदीपाशी अडला, तिसरीतून बाहेर पडला तो पुन्हा पहिल्या गल्लीच्या तोंडाशी.

"दादा, कुठे जायचंय तुम्हाला?" फांदी ओढणाऱ्या एकाने विचारलं.

 तीन वर्षं आठवड्यातून तीनदा वाटाड्या त्या दारात जात होता आणि त्याला त्या गल्लीचं नाव माहीत नव्हतं. "न्हावी आहे बघा एक, निळ्या पाटीचा," तो म्हणाला. माणसाने मान हलवली. अशा वेळी न्हावी शोधणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं त्याने बघितलं आणि पुन्हा फांदीला हात घातला.

तेव्हा त्याला कपाटातल्या फोनची आठवण झाली, आणि अशी झाली की डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. ज्या बाईची सगळ्या सेंटरमध्ये टिंगल केली, ती आत्ता नुसतं "डावीकडे वळा" म्हणाली असती तर त्याने तिला हात जोडले असते. फोन घरी प्लास्टिकमध्ये आणि हा बोळाबोळातून भटकतोय, काखेत कळसा तरी म्हणायची सोय नव्हती. खरं तर खिशातल्या जुन्या फोनवरूनही काम झालं असतं. टेबलावरच्या मुलीकडे पत्ता होता. एक फोन लावायचा आणि विचारायचं. पण ती आधी विचारणार, काका, तुम्ही इतका वेळ होता कुठे? त्या एका प्रश्नापायी त्याने फोन लावला नाही. आजारी म्हातारी दारात वाट बघत असताना हा माणूस स्वतःची अब्रू सांभाळत गल्ल्या मोजत राहिला.

एका ठिकाणी माणसं करवतीने झाड कापत होती, तिथे तो अडकला. अडकून पडलेले निरोप आता सुटले असावेत, कारण फोन कुरकुरायला लागला. हुकलेल्या फोनचे निरोप एकामागून एक आले. सेंटरचा नंबर, सेंटरचा नंबर, सेंटरचा नंबर. मोजून नऊ.  मग त्याने पहिला पुसला. त्या फोनवर एक निरोप पुसायला तीन बटणं दाबावी लागत. नऊ त्रिक सत्तावीस वेळा त्याने अंगठा दाबला. एकदा चुकून झालेली गोष्ट म्हणावी, तर मधे थांबायला सव्वीस संधी होत्या.

साडेचारच्या सुमाराला त्याला घर सापडलं. शिवणबाई दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, पायांत चपला. चेहरा सुजलेला, श्वास जरा वर.

"आलात," त्या म्हणाल्या आणि त्याच्या तोंडाकडे क्षणभर बघत राहिल्या.

"काय सांगू बाई, दोनला निघालोय. झाडं पडलीत सगळीकडे," तो म्हणाला. हे वाक्य त्याने रस्त्यात चार वेळा घोटलं होतं, म्हणून अडखळलं नाही. बाई उठल्या. त्याच्या हाताला धरून जिना उतरल्या.

सेंटरवर पोचेपर्यंत साडेपाच वाजले. जनरेटरचं डिझेल आधीच मशीनवर असलेल्यांना जेमतेम पुरणार होतं, चार तासांची नवी पाळी सुरू करणं शक्य नव्हतं. बाईंना परत घरी सोडावं लागलं. पहाटेपर्यंत त्यांना श्वास घेता येईना. शेजाऱ्यांनी मोठ्या हॉस्पिटलात नेलं आणि तिथे त्या चार दिवस होत्या. वाचल्या. पण ते चार दिवस वाटाड्याला घास गिळवला नाही आणि झोप तर पार उडाली. बायको घाबरली. पत्र्यावर हातोडे पडताना झोपणारा माणूस छताकडे बघत पडलाय, याची पाहुण्यांना काय गोष्ट सांगणार?

वादळाच्या दुसऱ्याच दिवशी सिस्टरनी वाटाड्या आणि टेबलावरची मुलगी, दोघांना समोर उभं केलं. मुलगी म्हणाली, "मी नऊ वेळा लावला होता."

"एकदाही वाजला नाही," वाटाड्या म्हणाला. "मी आपला वादळाचं ऐकून स्वतःच दोनला निघालो." त्याने न मागता फोन काढून पुढे धरला. सिस्टरनी बघितलं, काहीच नव्हतं. टेबलावरचा फोन जुना, तारेचा. त्याच्यात कुणाला किती वेळा लावला हे दिसायची सोय नाही.

मुलगी गोंधळून एकदा फोनकडे, एकदा त्याच्याकडे बघायला लागली. "पण काका, मी लावला होता," ती म्हणाली.

"असेल पोरी. वादळाच्या गडबडीत होतं असं," तो म्हणाला, आणि वर हेही आवाजात माया आणून. निर्लज्जपणालाही काही पायरी असते. ती पायरी आपण त्या वेळी उतरलो, हे त्याला पुढे रोज आठवायचं.

एका पेशंटच्या जिवावर बेतलं होतं, कुणाला तरी बोलणी बसणार होतीच. मुलीची कच्ची नोकरी पक्की करायची नाही, महिनाअखेर तिला मोकळं करायचं असं ठरलं. आणि वाटाड्याचं कौतुक झालं. पडत्या झाडांतून पेशंटला आणायला गेलेला माणूस म्हणून सिस्टरनी सगळ्यांसमोर नाव घेतलं. तो खाली मान घालून पुटपुटला, "नकाशाचा फोन असता तर आधी पोचलो असतो." स्वतःची लाज झाकायला बोलून गेला, तर आठवड्याभरात सेंटरने त्याला खरोखरच नवा फोन दिला. दोन नर्सनी टाळ्या वाजवल्या. लेकीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, माझा कपाटात आहे की." 

शिवणबाई पुन्हा यायला लागल्या. गाडीत बसल्या की दर खेपेला विचारायच्या, "काय भाऊ, झोप झाली का?" साधं, कुणीही कुणालाही विचारावं तसं. पण चोराच्या मनात चांदणं. तो हो म्हणायचा आणि आरशातून नजर काढून घ्यायचा.

फोन कसा वापरायचा हे शिकवायचं काम सिस्टरनी टेबलावरच्या मुलीला दिलं. तिचे नोकरीचे शेवटचे दिवस होते, तरी ती रोज दुपारी दहा मिनिटं बाकड्यावर त्याच्या शेजारी बसायची. न कंटाळता, न चिडता. त्याची जाडी बोटं भलतीकडे पडायची, ती पुन्हा पहिल्यापासून सांगायची. एक दिवस ती म्हणाली, "काका, हे बघा, तुम्ही कुठल्या दिवशी किती वाजता कुठे होता ते सगळं याच्यात राहतं." मग म्हणाली, "हा त्या दिवशी असता ना, तर माझंही बरं झालं असतं." टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्याला सोसला असता. ती फोनकडे बघूनच बोलली आणि पुढचं शिकवायला लागली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तो शिवणबाईंना घेऊन आला. सेंटरच्या दारापाशी गाडी थांबवली, पण उतरून त्यांचं दार उघडलं नाही. हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून तो म्हणाला, "बाई, त्या दिवशी मी दोनला निघालो नव्हतो. तळघरात झोपलो होतो. तीनला उठलो."

 शिवणबाई मागून शांतपणे म्हणाल्या, "माहीत आहे मला."

त्याने वळून बघितलं.

"तुम्ही दारात आलात ना, तेव्हा तुमच्या गालावर या सीटची शिवण उमटली होती. ही बघा, दुहेरी टाक्याची. डाव्या गालावर कानापर्यंत. जन्मभर शिवण तपासली मी भाऊ, मला नाही दिसणार?"

"मग बोलला का नाहीत?"

"मी वाट बघत होते. त्या दिवशी साडेतीन तास बघितली, नंतर अठरा दिवस. म्हटलं, माणूस बरा आहे, येईल आपल्या पायाने." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "पण त्या पोरीचं मला काल नर्सकडून कळलं. ते माहीत असतं तर एक दिवस थांबले नसते. मला आता धरू नका, मी जाईन हळूहळू. तुम्ही आधी वर जा."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात. जमीन असलं काही करत नाही, जिने चढावेच लागतात. वाटाड्या चढला.

मुलगी टेबलाचा खण रिकामा करत होती. सिस्टर कागदावर सही करत उभ्या होत्या, दोन पेशंटचे नातेवाईक बाकड्यावर होते. वाटाड्याने कुणी नसण्याची वाट बघितली नाही. "सिस्टर, हिने फोन केले होते," तो म्हणाला. "नऊ. मी तळघरात झोपलो होतो, रेंज नसते तिथे. नंतर निरोप आले ते मी पुसले." त्याने खिशातून सेंटरचा फोन काढून टेबलावर ठेवला.

सिस्टरनी सही अर्धवट सोडून सांगितलं. त्याला उद्यापासून गाडी नाही, पुढचं वरचे लोक ठरवतील, आणि मुलीचा कागद त्या पुन्हा लिहायला नेतील. त्याने मान हलवली. हे सगळं त्याने धरूनच ठेवलं होतं.

मग तो मुलीकडे वळला. तिने रागवावं, रडावं, चार लोकांत त्याला घालूनपाडून बोलावं, म्हणजे निदान काही फिटल्यासारखं होईल, असं त्याला वाटत होतं. ती खण अर्धा उघडा टाकून खुर्चीत बसली होती.

"नऊच ना?" तिने विचारलं.

"नऊ."

"मी घरी सांगितलं होतं की माझीच चूक झाली," ती म्हणाली. "मला खरंच वाटायला लागलं होतं काका, की मी फोन लावलेच नव्हते."